कांचनबाईंच्या कपाटात वीस लाख पाहुणे

"दार उघडा वं माय, कांचनबाई! जीव जाऊन रायला त्यायचा अंदर!"

"अहो, कुणाचा? कोण आहे आत?"

"वीस लाख हायेत. उलीसे कमी-जास्त असतीन. म्या काई एकेकाले मोजलं नाई."

कांचनबाईंनी दार वीतभर उघडलं होतं. घरातला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, की पद्मिनी आत येऊ नये म्हणून, हे त्या दारालाच ठाऊक. पायरीवर पद्मिनी उभी. अंगात नवऱ्याचा जुना चौकड्याचा शर्ट, खाली पँट, केसांत करडी भुकटी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला बर्फाचा डबा. इथली माणसं सहलीला निघाली की असल्या डब्यात बिअर घालून नेतात. जूनचा शेवटचा शनिवार, दुपारचे तीन, एकशे चौदा डिग्री, म्हणजे आपले पंचेचाळीस. या दिवसांत अमेरिकेतल्या या चँडलर गावचं कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी दोनदा विचार करतं.

"बिअर आहे का?" कांचनबाईंनी शेजारच्या खिडक्यांकडे बघत हळूच विचारलं.

"बिअर असती तं आमच्या घरच्याईनंच संपवली असती, तुमच्यापर्यंत कायले येते? माश्या हायेत."

"माश्या!" वीतभर दाराचं चार बोटं झालं. "वहिनी, माझ्याकडे आज लोक आहेत जेवायला."

"जेवाले नाई मांगत त्या. एक रात थंड्या जागी ठेवजा, बस. सकायी पाच वाजता घेऊन जाईन."

आता ही बाई कोण, आणि भरदुपारी लोकांच्या दारात वीस लाख माश्या घेऊन का उभी, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाराही दार लावून घ्यायचा.

पद्मिनी दर्यापूरकडच्या काळ्या रानातली. तिथं पोरगी चालायला लागते ती कापसाच्या ओळीतच, आणि हाताला दहा बोटं आहेत हे तिला वेचणीला गेल्यावर कळतं. मॅट्रिक झाली. इंजिनियर जावई मिळतो म्हणून बापानं घाईघाईनं हेमचंद्राशी लग्न लावून दिलं. पुढं हेमचंद्राला चँडलरच्या चिपा बनवायच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि एकोणीसशे ऐंशी साली तीन विमानं बदलून, पाय सुजवून पद्मिनी अमेरिकेत उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचा पडदा सारला, तर समोर काय? कापूस. रस्त्याच्या पलीकडं कापूस, कालव्याच्या अलीकडं कापूस, नजर जाईल तिथवर कापूस.

"हेच दाखवाले आनलं का मले इतक्या दूर?" तिनं नवऱ्याला विचारलं.

आठ दिवसांनी ती रस्ता ओलांडून गेली, एक बोंड तोडलं, नखानं फोडलं. आत गुलाबी अळी आरामात बसलेली. तीच, माहेरची. पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडीत न पडता तिच्या आधी येऊन स्थायिक झालेली.

चँडलर आणि आसपासचा मराठी गोतावळा म्हणजे वीसेक घरं. इंजिनियर, डॉक्टर, आणि त्यांच्या बायका. पुण्याच्या, मुंबईच्या, दोन नागपूरच्या, पण त्या नागपूरच्या आहेत हे त्यांनी जिवापाड लपवलेलं. शनिवारी कुणाकडे तरी जमायचं, पनीर खायचं, आणि इथं आंबे कसे मिळत नाहीत त्यावर हळहळायचं. पद्मिनीची बोली ही त्या मंडळींची फुकटची करमणूक. "वहिनी, जरा ते 'करून रायलो' म्हणा ना," अशी फर्माईश व्हायची. पद्मिनी म्हणायची, "काऊन? तुमच्या घरचा टीव्ही बंद पडला का?" त्यावरही सगळे हसायचे. टोमणा लागायला कातडी जरा पातळ लागते.

या गोतावळ्याच्या शेंड्यावर कांचनबाई. नवरा डॉक्टर नरेंद्र, हृदयाचा. घर असं, की पाहुण्याला आधी पाणी नाही, कपाट दाखवायचं. कपाट म्हणजे आपलं शिसवी कपाट नव्हे. आत चालत जायचं, दिवा लावायचा, वळायचं. आमच्याकडं त्यात एखाद्या जोडप्यानं संसार मांडला असता. तिथं दीडशे साड्या रंगवार टांगलेल्या. घरभर गार हवेचं यंत्र, उन्हाळाभर आकडा बहात्तरवर. त्या घरात उन्हाळा फक्त खिडकीतून बघायला मिळायचा.

आणि पद्मिनी काय करायची? ती पाखरं पाळायची.

गावाबाहेर कालव्याच्या कडेला डेल हॉर्टन नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याची पत्र्याची शेड होती. दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी. पद्मिनी आत गेली. डेलनं तिला एक किडकं बोंड दाखवलं आणि विचारलं, हे काय आहे? तिनं त्या अळीचं अख्खं खानदान अर्धं इंग्रजीत आणि अर्धं वऱ्हाडीत उलगडून सांगितलं. डेलला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण शेवटी तिनं अळी नखावर चिरडली ती रीत बघून त्यानं दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

काम असं. गहू ट्रेमध्ये पसरायचा, आणि त्याला मुद्दाम पाखरं लावायची. होय, मुद्दाम. ज्या पाखरांना कणगीतून हाकलण्यासाठी पद्मिनीनं वीस वर्षं लिंबाचा पाला घातला, तीच पाखरं वाढवायला अमेरिकेनं तिला पगार दिला. पाखरं पिंपात कोंडली की खाली अंडी पडतात, रव्याहून बारीक. ती चाळून पुठ्ठ्याच्या कार्डावर डिंकानं चिकटवायची, आणि कार्ड माश्यांच्या बरणीत ठेवायचं. माशी म्हणायचं आपलं म्हणून. जात गांधीलमाशीची, पण आकारानं पेनाचं टिंब. ना डंख, ना गुणगुण. ती पाखराच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पोर आतल्या आत पाखराचं पोर खातं, अंडं काळं पडतं, आणि आठ-नऊ दिवसांनी पाखराऐवजी माशीच बाहेर येते. असं काळं पडलेलं कार्ड कापसाच्या पानाखाली टाचलं, की निघालेल्या माश्या बोंडअळीच्या पाखरांची अंडी हुडकत रानभर फिरतात आणि तिथंही तोच कार्यक्रम करतात. अळी जन्मायच्या आधीच आटोपते.

दुसऱ्याच्या घरात शिरून आपलं पोर वाढवायचं आणि घरमालकाचं संपवायचं, ही रीत समजायला पद्मिनीला कॉलेजात जावं लागलं नाही. तिला सासरी दोन चुलतसासरे होते.

शेडमध्ये पाखरांच्या पंखांची करडी भुकटी उडायची, केसांत बसायची, नाकात जायची. ती नाकावर ओढणी बांधून काम करायची. इकडे हेमचंद्र कारखान्यात पांढरा डगला, टोपी आणि बुटांवर पिशव्या चढवून बसायचा. तिथं धुळीचा एक कण पडला तर अख्खा माल वाया. नवऱ्याचा पगार एक कण आत येऊ नये म्हणून, बायकोचा पगार लाखभर कण पैदा व्हावे म्हणून. तो संध्याकाळी तिला मागच्या दारानं घरात घ्यायचा, आणि चारचौघांत सांगायचा, "मिसेस बायॉलॉजिकल रिसर्चमध्ये आहे." चौदा वर्षांची दीपा एवढंही सांगायची नाही. ती म्हणायची, "आई, प्लीज, शाळेत तो शेडचा ट्रक घेऊन येऊ नकोस. आय मीन इट."

पण त्या साली, चौऱ्याऐंशी साली, या रिसर्चवरच पाणी पडायची पाळी आली. फवारणीचं विमान भुर्रकन येतं, ढग सोडतं, माणसाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं. माशी सोडल्यावर काय दिसतं? रिकामं पुठ्ठ्याचं कार्ड. मग डेलची माशी घेणार कोण? शेवटी बक टॉलिव्हर नावाचा शेतकरी कसाबसा तयार झाला. बक म्हणजे छातीएवढं पोट आणि पोटाएवढं मत. तो म्हणाला, "मंगळवारी विमान येतंय. रविवारी सकाळी चाळीस एकरांत तुझे ढेकूण सोड. तेवढ्या तुकड्यावर फवारणार नाही. पंधरा दिवसांनी बोंडं फोडून मोजू. विमानापेक्षा तुझं वाईट निघालं तर पुन्हा माझ्या बांधावर यायचं नाही."

डेलनं पद्मिनीला साफ सांगितलं, "हे फसलं तर शेडला कुलूप. मी मुलीकडे ओरेगॉनला जातो."

म्हाताऱ्याला जायला ओरेगॉन होतं. पद्मिनीला काय होतं? शनिवारची पार्टी. या अख्ख्या देशात हे एकच काम असं होतं, की ते तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिच्याहून बरं कुणाला येत नव्हतं. शेडला कुलूप लागलं की ती पुन्हा सोफ्याच्या कडेला बसून 'करून रायलो' म्हणणार.

म्हणून तिनं महिनाभर राबून शंभर कार्डं तयार केली. एका कार्डावर पंचवीस हजार अंडी, सगळी काळी कुळकुळीत. रविवारी पहाटे माशी निघणार असा हिशेब. आणि शनिवारी दुपारी एक वाजता कालव्याकाठच्या विजेच्या खांबावरचा डबा फाट्‌कन उडाला. शेडमधलं गार हवेचं यंत्र बंद, डेलच्या राहत्या ट्रेलरमधलंही बंद. दुरुस्तीवाले म्हणाले, रात्र होईल. पत्र्याची शेड, वर एकशे चौदा. संध्याकाळपर्यंत कार्डावरची अंडी फुटाणे झाली असती. फ्रिजमध्ये ठेवावीत, तर थंडीनं माश्या सुस्तावून मंगळवारी उठल्या असत्या. विमानाच्या स्वागतालाच.

पद्मिनीच्या घरी पाण्याचा कूलर होता. म्हणजे बुधवारपर्यंत होता. बुधवारी तो कुरकुरला, म्हणून हेमचंद्रानं तो उघडला, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, त्यांची आकृती काढली, आणि तेव्हापासून तो त्या आकृतीचा अभ्यास करत होता. नखाएवढ्या चिपेवर हजार तारा बसवणाऱ्या माणसाला पंख्याचा पट्टा बसवता येईना. घर तव्यासारखं तापलेलं.

तिच्याकडं एक मेक्सिकन मातीचा माठ होता, बाजारातून पिण्याच्या पाण्यासाठी आणलेला. त्याला तिनं ओलं गोणपाट गुंडाळलं, ओसरीच्या सावलीत ठेवला, आत कोरडं फडकं घालून कार्डं उभी केली. वीस मावली. सगळं बियाणं एका घरात ठेवायची तिच्या गावात रीतही नव्हती. राहिलेल्या ऐंशी कार्डांसाठी चँडलरात बहात्तर डिग्रीचं ओळखीचं घर एकच.

म्हणून ती या दारात उभी होती.

"चावतात का?" कांचनबाईंनी चार बोटांच्या फटीतून विचारलं.

"नाई."

"उडतात?"

"सकायपर्यंत नाई. अंड्यात झोपेल हायेत. एवढं झाकन उघडं राहू द्या, अंधारात ठेवा, अन् फवारा-बिवारा काई मारू नोका. झुरय दिसलं तरी नोका. येवढंच."

आतून डॉक्टर नरेंद्रांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"हेमचंद्रांच्या मिसेस! रिसर्चचं मटेरियल आणलंय!" आपल्या घरात रिसर्च येतोय म्हटल्यावर कांचनबाईंचा सूरच बदलला. दार पूर्ण उघडलं. डबा त्यांनी दोन बोटांत धरला. "वहिनी, तुम्ही अगदी निश्चिंत जा. घरातली सगळ्यात गार आणि अंधारी जागा देते. अगदी आपल्या वस्तूसारखं सांभाळते बघा."

आणि त्यांनी खरोखरच आपल्या वस्तूसारखं सांभाळलं. तिथंच घोटाळा झाला.

रविवारी पहाटे पाचला पद्मिनी आली तेव्हा कांचनबाई गाऊन घालून हसतमुखानं दारात. डबा कुठं ठेवला विचारलं, तर त्या तिला हाताला धरून थेट कपाटात घेऊन गेल्या. दिवा लागला. निळ्या साड्यांच्या खाली डबा, झाकण घट्ट लावलेलं. आणि पद्मिनीच्या नाकात डांबराचा असा भपकारा घुसला, की तिनं आधी डोळे मिटले, मग उघडले, मग डब्याकडं न बघता कांचनबाईंकडं बघितलं.

"डांबरगोया ठेवता काय साड्याईत?"

"मग? पैठण्या आहेत वहिनी. आई दरवर्षी पुण्याहून पाठवते. इथल्या मॉथबॉल्सना तसा वास नाही."

"अन् झाकन काऊन लावलं?"

"अहो, उघडं कसं ठेवणार? आणि रात्री मला एकदम स्ट्राइक झालं, तुमची ती कार्डं म्हणजे पुठ्ठाच ना. म्हटलं कसर लागायची, तुमची एवढी मेहनत." कांचनबाईंनी आवाज खाली आणला, उपकार सांगताना आणतात तसा. "म्हणून आत चार गोळ्या टाकून ठेवल्या."

पद्मिनीनं झाकण काढलं. ऐंशी कार्डांवर चार पांढऱ्या गोळ्या, प्रसादाच्या बत्ताशांसारख्या. त्या वेळेला कार्डं जिवंत दिसायला हवी होती, काळ्या रव्याला पाय फुटल्यासारखी. ती नुसती कार्डं होती. दोन-चार माश्या बाहेर आल्या होत्या, त्या डिंकावरच आडव्या झालेल्या.

डॉक्टर नरेंद्र डोळे चोळत आले. त्यांनी बॅटरी आणली, चष्मा लावला, एक कार्ड उलटसुलट केलं आणि निदान केलं, "झोपल्या असतील."

"हव ना," पद्मिनी म्हणाली. "उठाच्या नाईत आता. तुमीच सांगा डॉक्टरसाहेब, तुमच्या पेशंटाले चार गोया घालून डब्यात कोंडलं अन् झाकन लावलं, तं सकायी तो काय म्हनन?"

कांचनबाईंना आता समजायला लागलं. समजायला लागलं की त्या आधी दुखावायच्या. "पण मला काय माहीत? तुम्ही फवारा नको म्हणालात. गोळ्या नको असं कुठं म्हणालात?"

हे मात्र खरं होतं. पद्मिनीनं झुरळापर्यंत सगळं सांगितलं होतं. कपड्यातल्या पाखरांना मारायच्या गोळ्या कुणी पाखरांना मारणाऱ्या माशीच्या उशाशी ठेवील, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती खेड्यातली. तिच्या गावात दीडशे साड्या कुणाच्या नव्हत्या, म्हणून हा धोका तिला ठाऊक नव्हता. तिनं चारही गोळ्या उचलल्या, कांचनबाईंच्या तळहातावर ठेवल्या आणि डबा घेऊन निघाली. दारात तेवढी थांबून म्हणाली, "साड्या मात्र शंभर वर्सं टिकतीन तुमच्या."

गाडीत बसल्यावर तिनं चावी लावली, पण फिरवली नाही. डोक्यात हिशेब चालू होता. मेलेलं कार्ड आणि जितं कार्ड डोळ्यांनी ओळखू येत नाही. बकला नाही, डेलच्या चष्म्यालाही नाही. शंभरही कार्डं टाचून मोकळं व्हावं, पंधरा दिवसांनी फसलं तर माशीच्या नावानं ढकलावं. माशी काही भांडायला येत नाही. पद्मिनीनं हा विचार नीट, सगळ्या बाजूंनी करून बघितला. मग स्वतःलाच एक अस्सल दर्यापुरी शिवी दिली, जी इथं लिहिता येत नाही, आणि घराकडं वळली. माठातलं फडकं उचललं. वीसच्या वीस कार्डांवर पायांची नुसती लगबग. रात्रभर गोणपाट ओलं ठेवायला हेमचंद्र दोनदा उठला होता. कूलर अजून वर्तमानपत्रावरच होता, पण माठाला आकृती लागत नाही.

शेताच्या बांधावर डेल पिकअपला टेकून उभा. शेडमध्ये कार्डं कापणारी लुपे आणि तिच्या दोन बहिणी टाचणयंत्रं घेऊन तयार. बकही आला होता, कॉफीचा कप घेऊन, तमाशा बघायला. पद्मिनीनं डेलला बाजूला घेतलं आणि जे झालं ते सांगितलं. डांबरगोळीसकट.

डेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "वीस तर वीस. बारीक तुकडे करू, चाळीस एकरांत विखरू. आपण चाळीस म्हटलंय."

"नो," पद्मिनी म्हणाली. तिचं इंग्रजी थोडं होतं, त्यामुळं त्यात वळणं नसायची. "चाळीस एकरांत टाकलं तर सगळीकडं थोडी, कुठंच पुरत नाही. आठ एकर द्या. आठ एकर पोटभर."

"मी बकला चाळीसचा शब्द दिलाय."

"शब्द तुमचा. माश्या माझ्या."

बोलणं ओळखून बक जवळ आला. त्याला खरं सांगावं लागलं. डांबरगोळ्यांचं ऐकून तो इतका हसला, की त्याची कॉफी शर्टावर सांडली. "म्हणजे तुमच्या बायकांनी साड्यांसाठी तुमची फौज मारली? मग माझं विमान काय वाईट होतं?" हसून झाल्यावर तो म्हणाला, "आठ एकर हवेत ना? ते घ्या." आणि त्यानं हात दाखवला पश्चिमेच्या टोकाला. तिथून विजेच्या उंच तारा गेल्या होत्या. त्या पट्ट्यावर विमान खाली येऊ शकत नसे, त्यामुळं दरवर्षी तिथं फवारा अर्धामुर्धा पडायचा आणि बोंडं सगळ्यात जास्त किडायची. बकच्या उदारपणाची जागा ही अशी.

"इथं दरवर्षी शंभरात तीस बोंडं जातात," डेल तिच्या कानात पुटपुटला.

"म्हनूनच देऊन रायला तो," पद्मिनी आपल्या भाषेत म्हणाली, आणि डेलला ते कसं कोण जाणे, कळलं.

ऊन चढायच्या आत, साडेसातपर्यंत, चौघींनी वीस कार्डांचे शेकडो तुकडे करून पानांखाली टाचले. लुपे स्पॅनिशमध्ये गाणं म्हणत होती. पद्मिनी प्रत्येक तुकडा टाचताना फक्त बघत होती, पाय हलतात का. मंगळवारी विमान आलं, बत्तीस एकर धुऊन गेलं आणि तारांपाशी नाक वर करून वळलं. ढगाची शेपटी आठ एकरांच्या कडेला लागलीच. तेवढ्या दोन-तीन ओळी गेल्याच म्हणायच्या. पुढचे दोन रविवार पद्मिनीनं त्याच पट्ट्यावर नवी कार्डं लावली. या वेळी ती रात्री शेडमध्येच राहिली, आणि हेमचंद्राच्या जुळवलेल्या कूलरवर विसंबून नव्हती.

पंधरा दिवसांनी बोंडं मोजायला माणूस आला. किडे मोजणारा, पगारी, कुणाच्याच बाजूचा नसलेला. त्यानं दोन्हीकडची शंभर-शंभर बोंडं पिशवीत भरली, पिकअपच्या मागच्या फळीवर ओतली आणि एकेक फोडू लागला. सगळे गोल करून उभे. पद्मिनी जरा मागं, कालव्याकडं तोंड करून. पाठीमागं बोंड फुटल्याचा टचकन आवाज, मग गप्प, मग टचकन. आधी विमानवाली मोजली. शंभरात नऊ किडकी.

मग तारांखालची. टचकन. टचकन. अर्धी झाली तरी मोजणाऱ्यानं कागदावर फक्त तीनदा रेघ ओढली होती. बकनं वाकून एक बोंड स्वतः फोडलं. चांगलं निघालं. त्यानं दुसरं फोडलं, तेही चांगलं. बकच्या तोंडावर असा भाव आला, जणू बोंडांनी त्याला दगा दिला.

"अकरा," मोजणारा म्हणाला.

नऊ आणि अकरा. बकनं ताबडतोब अंग झटकलं. "विमान जिंकलं. ठरल्याप्रमाणे..."

"मिस्टर बक," पद्मिनी वळली. "या पट्ट्यात मागल्या वर्षी किती?"

बक फळीवरची टरफलं झटकू लागला.

"तीस," डेल म्हणाला.

"एकतीस," मोजणारा म्हणाला. त्यानं मागल्या वर्षीही मोजली होती, आणि असली माणसं एक बोंडसुद्धा सोडत नाहीत.

बकनं जमिनीवर थुंकून घेतलं. पुढचं बोलायला त्याला तेवढा अवकाश लागला. "पुढच्या वर्षी तारांखालचा सगळा पट्टा," तो म्हणाला. "सव्वीस एकर. तिथं तसंही विमान जात नाही." मग जाता जाता पुन्हा थांबून, "आणि साडीवाल्यांना लांब ठेवा."

याला कुणी विजय म्हणत असेल तर म्हणो. तारांखालची, कुणालाच नको असलेली सव्वीस एकर. पण डेलनं ओरेगॉनला फोन करून मुलीला सांगितलं, की खोली भाड्यानं दे, मी एवढ्यात येत नाही. आणि शेडला कुलूप लागलं नाही.

गोष्ट गोतावळ्यात पोचली ती मात्र वेगळीच. कांचनबाईंनी सांगितलं, की रिसर्चचं मटेरियल संकटात होतं, रात्रभर आपण ते आपल्या घरात सांभाळलं, आणि प्रयोग यशस्वी झाला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, ही त्यांची हुशारी. हेमचंद्रही पार्टीत मान डोलवत राहिला. एकट्या दीपानं न राहवून म्हटलं, "बट काकू, यू किल्ड देम." सगळे हसले. पोरगी विनोदी आहे म्हणाले.

ऑगस्टात एका सकाळी कांचनबाई पाच जणींना घेऊन शेड बघायलाच आल्या. मोठ्या गाडीतून उतरल्या. खास दिवस म्हणून सगळ्या साड्यांत, आणि साड्या खास दिवसाच्या, म्हणजे थेट कपाटातल्या. हातात कॅमेरा. पद्मिनी ओढणी बांधलेली, हातात गव्हाचा ट्रे. ती दाराशी आली आणि दहा पावलांवरच तिच्या नाकानं पाहुण्या ओळखल्या.

"वहिनी! आमच्या माश्या बघायला आलो!" कांचनबाई म्हणाल्या.

पद्मिनीनं दार धरलं. वीतभर उघडं ठेवलं.

"तिथंच उभ्या राहा बायांनो. एक पाऊल पुढं नोका येऊ."

"अहो, चावत नाहीत म्हणालात ना?"

"त्या नाई चावत. तुमीच मारता. साड्या घरी काढून, आंघोय करून या, मंग दाखवीन. नाईतं तिकडं कालव्याकडून बोंडं पाहा. बोंडांले काई होत नाई."

पाच जणींनी एकमेकींच्या पदरांचा वास घेतला. फोटो शेवटी बाहेरच्या पाटीपाशीच निघाला. त्यात मागं दार लागताना दिसतं आणि दाराच्या फटीत एक ट्रे.

दार लावून पद्मिनी आत आली. पिंपातली पाखरं रात्रभरात अंडी टाकून मेली होती, खाली करडा थर साचला होता. तिनं चाळणी घेतली, पाखरं एका बाजूला, अंडी एका बाजूला, आणि डिंकाचा डबा पुढं ओढला. लुपे नवी कार्डं कापत होती. गुरुवारची कार्डं अजून व्हायची होती.